कॅल्डेरातील भू-औष्णिक ऊर्जा : विंधनाची जोखीम कोणी उचलावी?

ऊर्जा-अर्थशास्त्राच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत भू-औष्णिक ऊर्जेच्या वाट्याला अपारंपरिक ऊर्जास्रोतांच्या प्रकरणाच्या अखेरीस एखाददुसरा परिच्छेद येतो. 'पृथ्वीच्या पोटातील उष्णतेपासून मिळणारी, प्रदूषणरहित, अक्षय ऊर्जा' एवढी व्याख्या पाठ केली की विद्यार्थ्यांचे काम भागते. परंतु ही ऊर्जा इतकी गुणी असेल, तर जगातील एकूण विजेत तिचा वाटा एक टक्क्याच्याही आत का, हा प्रश्न या व्याख्येने सुटत नाही. त्याचे उत्तर भूगर्भशास्त्रात आहे त्याहून अधिक अर्थशास्त्रात आहे. कोळशाच्या वीज केंद्रात इंधनाचा खर्च रोज, थोडा थोडा होत असतो. भू-औष्णिक केंद्रात मात्र पुढील तीस वर्षांचे इंधन जणू पहिल्याच दिवशी विकत घ्यावे लागते, आणि तेही ते जमिनीखाली खरोखर आहे की नाही हे कळण्याआधी. प्रस्तुत लेखात केनियातील मेनेंगाई आणि आइसलँडमधील क्राफ्ला या दोन ज्वालामुखीय कॅल्डेरांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

कॅल्डेरा म्हणजे काय?

'कॅल्डेरा' या स्पॅनिश शब्दाचा अर्थ मोठी कढई. गुऱ्हाळातील उसाच्या रसाची काहील ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा आकार सहज उमगेल. ज्वालामुखीचे विवर आणि कॅल्डेरा यांत परीक्षार्थी अनेकदा गल्लत करतात. विवर हे उद्रेकाचे मुख असते आणि त्याचा व्यास सामान्यतः काहीशे मीटरचा असतो. मोठ्या उद्रेकात भूगर्भातील शिलारसाची कोठी बऱ्याच अंशी रिकामी झाली, की तिच्यावरील छताचा आधार जातो आणि सबंध डोंगरमाथाच खाली खचतो. त्यातून जो विस्तीर्ण खोलगट प्रदेश तयार होतो, तो कॅल्डेरा. मेनेंगाईचा कॅल्डेरा सुमारे बारा किलोमीटर लांब आणि आठ किलोमीटर रुंद आहे. नाकुरू हे केनियातील मोठे शहर त्याच्या दक्षिण उतारालगत वसलेले आहे.

भू-औष्णिक साठा तयार होण्यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात : उष्णता, पाणी आणि पाण्याला खेळू देणारे भेगाळ खडक. कॅल्डेरात शिलारसाची कोठी तुलनेने उथळ असल्याने उष्णता मिळते. छत खचताना पडलेल्या वर्तुळाकार भेगांतून पावसाचे पाणी खोलवर झिरपते आणि तापून पुन्हा वर येऊ लागते. या उष्ण पाण्याच्या सततच्या क्रियेने वरच्या थरातील खडकांची माती होते. हा चिकणमातीचा थर झाकणासारखा बसतो व उष्णता आणि दाब कोंडून धरतो. काहिलीवर झाकणही निसर्गानेच ठेवलेले असते, असे म्हणता येईल.

शोधाची पद्धती

प्रत्यक्ष विंधनापूर्वीचा शोध तीन अंगांनी चालतो. भूगर्भशास्त्रज्ञ भेगा आणि लाव्हाच्या थरांचा नकाशा तयार करतात. भूरसायनशास्त्रज्ञ जमिनीतून निघणाऱ्या वाफांचे नमुने घेतात. त्यातील वायूंच्या परस्पर प्रमाणावरून खालील साठ्याच्या तापमानाचा अंदाज बांधता येतो. भूभौतिकशास्त्रज्ञ मॅग्नेटोटेल्युरिक सर्वेक्षणाने खडकांची विद्युत-रोधकता मोजतात. झाकणाच्या चिकणमातीतून वीज सहज वाहते, म्हणून नकाशावर ती कमी रोधकतेचा पट्टा म्हणून दिसते, आणि त्याखाली साठा असण्याची शक्यता मानली जाते.

'शक्यता' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. एकेकाळी तप्त असलेला आणि आता थंड झालेला साठाही वर मातीचे तसेच झाकण ठेवून जातो. सर्वेक्षणाच्या नकाशावर दोघांत सहजासहजी फरक दिसत नाही. हे सर्वेक्षण विंधनाच्या मानाने स्वस्त असते, पण त्याने अनिश्चितता कमी होते, संपत नाही. शेवटचा निर्णय विहीरच देते.

कॅल्डेरात विहीर खोदताना

भू-औष्णिक विहिरीची रचना तेलविहिरीसारखीच असते. वरून खाली जाताना तिचा व्यास टप्प्याटप्प्याने लहान होत जातो. प्रत्येक टप्प्यावर पोलादी केसिंग उतरवून तिच्यामागे सिमेंट भरले जाते आणि साठ्याच्या भागात चिरा पाडलेली नळी बसवली जाते, म्हणजे वाफ आत येऊ शकते. खोली सामान्यतः दोन ते तीन किलोमीटर असते. शेतातील बोअरवेलशी तुलना करून पाहण्याचा मोह होतो, पण येथे खडक तापलेला, वायू गंजवणारे आणि दाब प्रचंड असतो.

कॅल्डेरात आणखी अडचणी उद्भवतात. अलीकडच्या काळातील लाव्हाचे थर इतके भेगाळ असतात, की विंधनासाठी खाली सोडलेले पाणी वर परत येतच नाही. पाणी परतले नाही तर खडकाचा चुरा खालीच साचतो आणि विंधनाचे पाते अडकते. विंधनाला पाणी सतत आणि मुबलक लागते, आणि मेनेंगाईच्या तळाशी तर नदी-नाला नाही. म्हणजे वाफेची विहीर खोदण्यासाठी आधी पाण्याची सोय उभी करावी लागते. प्रकल्प अहवालातील असे 'किरकोळ' खर्च एकत्र केले, की ते किरकोळ राहत नाहीत.

मेनेंगाईत २०११ च्या फेब्रुवारीत विंधनास प्रारंभ झाला. पहिल्याच विहिरीत वाफ मिळाली आणि अपेक्षा उंचावल्या. पुढे काही विहिरींत सुमारे २.१ किलोमीटर खोलीवर अनपेक्षित प्रकार घडला. पाते अडकू लागले आणि वर आलेल्या चुऱ्यात ताज्या काचेचे कण सापडले. काच याचा अर्थ विंधनाच्या पाण्याने क्षणात गोठलेला शिलारस. विहीर थेट शिलारसाच्या कोठीच्या माथ्यावर पोहोचली होती.

हा अनुभव जगात एकमेव नाही. २००५ मध्ये हवाई बेटांवरील पुना येथे आणि २००९ मध्ये क्राफ्ला येथे असेच घडले. क्राफ्लाची ती विहीर साडेचार किलोमीटर खोल नेण्याची योजना होती. २,१०४ मीटरवरच ९०० अंश सेल्सिअसचा शिलारस लागला. संशोधकांनी विहीर सोडून न देता तिच्यातून वाफ काढून पाहिली. वाफेचे तापमान ४५० अंशांपर्यंत पोहोचले आणि एकट्या विहिरीची क्षमता सुमारे ३६ मेगावॉट असल्याचा अंदाज बांधला गेला. सर्वसाधारण विहीर पाच मेगावॉटच्या आसपास देते, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचे मोल कळते. परंतु त्या तापमानाला व गंजवणाऱ्या वायूंना झडपा टिकल्या नाहीत आणि २०१२ मध्ये विहीर बंद करावी लागली. उष्णता अधिक म्हणजे लाभ अधिक, हे समीकरण धातूच्या सहनशक्तीपाशी अडते.

जोखमीचे अंकगणित

आता या लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे वळू. आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाने २०१३ मध्ये चौदा देशांतील २,६०० हून अधिक भू-औष्णिक विहिरींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात एकूण यशाचे प्रमाण सुमारे ७८ टक्के आढळले. मात्र नव्या क्षेत्रातील शोधाच्या टप्प्यात ते सुमारे ५९ टक्केच होते. म्हणजे जेथे माहिती सर्वांत कमी, तेथे पैसा सर्वांत अधिक धोक्यात असतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका विहिरीचा खर्च ४० कोटी रुपये आहे, यशाची संभाव्यता ०.६ आहे आणि यशस्वी विहीर पाच मेगावॉट देते. मग दर विहिरीमागे अपेक्षित क्षमता ०.६ गुणिले ५, म्हणजे तीन मेगावॉट, आणि अपेक्षित खर्च दर मेगावॉटला सुमारे १३.३ कोटी. कागदावर हा व्यवहार वाईट नाही. परंतु एखाद्या खासगी कंपनीकडे तीनच विहिरींपुरते भांडवल असेल, तर तिन्ही कोरड्या निघण्याची संभाव्यता ०.४ चा घन, म्हणजे ६.४ टक्के आहे. दर सोळा कंपन्यांपैकी एक पहिल्याच फेरीत बुडेल. बँका अशा टप्प्याला कर्ज देत नाहीत आणि कंपनी स्वतःचे भांडवल घालताना पंचवीस-तीस टक्के परताव्याची अपेक्षा धरते. तो परतावा शेवटी वीजग्राहकाच्या देयकातून वसूल होतो.

हेच विंधन तीस विहिरी खोदू शकणाऱ्या सार्वजनिक संस्थेने केले, तर अपेक्षित यशस्वी विहिरी अठरा. प्रमाण विचलन सुमारे २.७. बहुतेक वेळा यशस्वी विहिरींची संख्या १३ ते २३ च्या दरम्यान राहील. जोखीम नाहीशी झाली नाही, पण एकत्र केल्याने तिची धार बोथट झाली. विम्याचे तत्त्वही हेच.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. वरील गणितात प्रत्येक विहिरीचे यश दुसरीपासून स्वतंत्र मानले आहे. वास्तवात एकाच क्षेत्रातील विहिरींचे नशीब परस्परांत गुंतलेले असते. क्षेत्रच थंड निघाले तर तिसांच्या तीसही विहिरी वाया जातील. म्हणून जोखीम खऱ्या अर्थाने विभागायची, तर ती अनेक क्षेत्रांत विभागली पाहिजे, आणि पहिल्या तीन-चार विहिरींचे निष्कर्ष हाती येईपर्यंत पुढील विहिरींचा खर्च रोखून धरण्याची शिस्त हवी. परीक्षेतील उत्तरात 'सरकारने जोखीम घ्यावी' एवढेच लिहिणारे विद्यार्थी हा दुसरा भाग विसरतात.

आणखी एक वारंवार होणारी चूक म्हणजे दर मेगावॉट भांडवली खर्चावरून ऊर्जास्रोतांची तुलना करणे. एक मेगावॉटचे भू-औष्णिक केंद्र ८५ टक्के भारांकाने चालले, तर वर्षाला सुमारे ७४ लाख युनिट वीज देते. एक मेगावॉटचे सौर केंद्र २० टक्के भारांकाने सुमारे साडेसतरा लाख. तुलना युनिटची व्हावी, मेगावॉटची नव्हे. त्यातही भू-औष्णिक वीज रात्री आणि अवर्षणातही मिळते, हे मूल्य वेगळे धरावे लागते.

आइसलँडचा मार्ग

आइसलँडने १९६० च्या दशकापासून राष्ट्रीय निधीतून शोध-विंधनाला कर्जे दिली. विहीर यशस्वी झाली तर कर्ज फेडायचे, अयशस्वी ठरली तर कर्जाचे अनुदानात रूपांतर व्हायचे. ही व्यवस्था साधी होती आणि तिने घरे उबदार ठेवण्याच्या लहान-लहान योजनांना मोठे बळ दिले.

क्राफ्लाचा वीज प्रकल्प मात्र शासनाला बराच महागात पडला. तेथे १९७४ मध्ये विंधन सुरू झाले आणि साठ्याची पुरती ओळख होण्याआधीच प्रत्येकी ३० मेगावॉटची दोन टर्बाइन्स खरेदी करण्यात आली. १९७५ च्या डिसेंबरात कॅल्डेरात उद्रेक सुरू झाले. १९८४ पर्यंत एकूण नऊ उद्रेक झाले. शिलारसातील वायू साठ्यात शिरले आणि विहिरींच्या केसिंग गंजू लागल्या. १९७७ मध्ये जवळच्या नामाफ्याल क्षेत्रात तर एका विहिरीतून चक्क लाव्हा बाहेर पडला. १९७८ च्या सुमारास केंद्र सुरू झाले, पण वाफ इतकी अपुरी होती की पहिले टर्बाइनही पूर्ण क्षमतेने चालेना. दुसरे टर्बाइन उभारून पूर्ण ६० मेगावॉट मिळण्यास १९९० च्या दशकाची अखेर उजाडली. दोन दशके एक यंत्र पडून राहिले. निसर्गाचा कोप अटळ होता. यंत्राची आगाऊ खरेदी मात्र टाळता आली असती.

केनियाचा प्रयोग

केनियात भू-औष्णिक विंधनाचा पहिला प्रयत्न १९५६ मध्ये ओल्कारिया येथे झाला आणि फसला. संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने १९७० च्या दशकात शोध पुन्हा सुरू झाला आणि १९८१ मध्ये १५ मेगावॉटचा पहिला संच चालू झाला. तोपर्यंत आणि नंतरही देशाची मुख्य भिस्त जलविद्युतवर होती. १९९९-२००० च्या अवर्षणात धरणे आटली, विजेचे रेशनिंग करावे लागले आणि पावसावर अवलंबून नसलेल्या विजेची निकड धोरणकर्त्यांना पटली.

या पार्श्वभूमीवर २००८ च्या अखेरीस 'जिओथर्मल डेव्हलपमेंट कंपनी' ही संपूर्ण शासकीय मालकीची संस्था स्थापन झाली. तिचे काम वीज निर्माण करणे हे नव्हते. शोध घ्यायचा, स्वतःच्या रिग वापरून विहिरी खोदायच्या आणि वाफ सिद्ध झाल्यावर ती वीज उत्पादकांना विकायची, अशी श्रमविभागणी ठरली. विंधनाची जोखीम शासनाकडे राहील. केंद्र उभारणीची जोखीम खासगी कंपन्यांकडे. ज्याला जी जोखीम कमी खर्चात पेलता येते ती त्याने पेलावी, या तत्त्वाचे हे चांगले उदाहरण म्हणता येईल. मेनेंगाई हे या संस्थेचे पहिले मोठे क्षेत्र ठरले. आफ्रिकन विकास बँकेने २०११ च्या डिसेंबरात त्यासाठी अर्थसाहाय्य मंजूर केले.

मेनेंगाईत आजवर पन्नासच्या आसपास विहिरी खोदण्यात आल्या असून त्यांची वाफ सुमारे १६० ते १७० मेगावॉट विजेला पुरेल असा अंदाज आहे. २०१३ मध्ये प्रत्येकी ३५ मेगावॉटची केंद्रे उभारण्यासाठी तीन खासगी कंपन्या निवडल्या गेल्या. वाफ होती, गुंतवणूकदार होते, विजेला मागणीही होती. तरीही पहिल्या केंद्रातून वीज मिळाली ती २०२३ मध्ये, विंधनाच्या प्रारंभानंतर बारा वर्षांनी.

मधली वर्षे कोठे गेली? खासगी कंपन्यांना कर्ज देणाऱ्या बँकांचे प्रश्न खडकांविषयी नव्हते. वाफ पुरवणारी संस्था शासकीय, वीज विकत घेणारी संस्थाही शासनाच्या नियंत्रणाखालची. यांपैकी कोणी करार मोडला तर भरपाई कोण देणार? शासनाची हमीपत्रे, विकास बँकेची अंशतः जोखीम-हमी, वाफेच्या वाहिन्या, पारेषण मार्ग या सर्वांची सांगड बसण्यास एक दशक लागले. विंधनाची जोखीम कराराच्या कलमांनी दूर केली, पण त्या कलमांतूनच नवी, संस्थात्मक जोखीम जन्माला आली. एका संस्थेचे काम दोघांत वाटले, की त्या दोघांमधील सांधा सांभाळण्याचा खर्चही येतो, याची नोंद या प्रयोगाच्या कौतुकात फारशी होत नाही.

या विलंबाची किंमत मोजता येते. समजा, विहिरींत हजार कोटी रुपये गुंतले आहेत आणि व्याजदर आठ टक्के आहे. पाच वर्षांनी वीज सुरू झाल्यास गुंतवणुकीचे मूल्य सुमारे १,४६९ कोटी होते. दहा वर्षांनी सुमारे २,१५९ कोटी. दहा वर्षांच्या प्रतीक्षेने विहिरी दुपटीहून महाग झाल्या, आणि त्या काळात त्यांनी एक युनिटही वीज दिली नाही. शाळा आणि दवाखान्यांसाठी पैसा कमी पडणाऱ्या देशात झडप लावून ठेवलेली विहीर ही तांत्रिक बाब राहत नाही.

त्याच देशात, त्याच काळात, ओल्कारियाचे चित्र वेगळे दिसते. तेथे केनजेन ही शासकीय कंपनी विहिरीही खोदते आणि केंद्रही चालवते. २०१४ मध्ये तिने २८० मेगावॉटची भर घातली. शिवाय तिने विहिरीच्या तोंडाशीच बसवता येणारे लहान जनित्रसंच वापरले. मोठे केंद्र उभे राहीपर्यंत त्या विहिरीची वाफ वाया जात नाही आणि साठ्याच्या वर्तनाची माहितीही मिळत राहते. प्रति मेगावॉट हे संच महाग पडतात, तरी प्रतीक्षेचा खर्च धरल्यास हिशेब बदलतो. ओल्कारियाच्या यशाची दुसरी बाजूही आहे. चौथ्या केंद्रासाठी हलवलेल्या मसाई कुटुंबांनी जागतिक बँकेच्या तपासणी मंडळाकडे तक्रार केली आणि २०१५ च्या अहवालात मंडळाने पुनर्वसनातील त्रुटी नोंदवल्या. प्रति युनिट खर्चाच्या तक्त्यात या त्रुटींना रकाना नसतो.

आज केनियाची भू-औष्णिक क्षमता ९०० मेगावॉटहून अधिक असून देशातील विजेचा जवळपास निम्मा भाग तीतून येतो. त्यातील बहुतांश ओल्कारियाचा आहे.

भारताचा संदर्भ

भारताच्या मुख्य भूमीवर जिवंत कॅल्डेरा नाही. अंदमानातील बॅरन बेट हा जिवंत ज्वालामुखी असून त्याला सुमारे दोन किलोमीटर रुंदीचा कॅल्डेराही आहे, पण ते निर्जन बेट आहे आणि तेथील विजेला ग्राहक नाही. कोकणातील वज्रेश्वरी, उन्हवरे, तुरळ, राजापूर येथील उन्हाळी दख्खनच्या ज्वालामुखीमुळे तापतात असा समज आढळतो. तो बरोबर नाही. दख्खनचे लाव्हाथर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे असून ते केव्हाच निवले आहेत. तेथील पाणी भेगांतून खोलवर जाऊन भूगर्भाच्या नैसर्गिक तापमानवाढीने तापते.

लडाखमधील पुगा खोरे हे देशातील सर्वांत आशादायक क्षेत्र मानले जाते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने १९७० च्या दशकात समुद्रसपाटीपासून सुमारे ४,४०० मीटर उंचीवरील या खोऱ्यात चौतीस विहिरी खोदल्या. त्यांतील सर्वांत खोल विहीर ३८५ मीटरची होती. मेनेंगाईतील विहिरी दोन किलोमीटरपलीकडे जातात, हे येथे आठवावे. त्यानंतर जवळजवळ पाच दशके कोणी खोल विंधन केले नाही, कारण पहिल्या खोल विहिरीच्या अपयशाचा खर्च सोसणारी संस्थाच नव्हती. २०२१ च्या फेब्रुवारीत तेल व नैसर्गिक वायू महामंडळाच्या ऊर्जा केंद्राने लडाख प्रशासन व लेहच्या स्वायत्त पर्वतीय विकास परिषदेशी करार केला; पहिल्या टप्प्यात एक मेगावॉटचा प्रायोगिक प्रकल्प ठरला. विंधनाची यंत्रे आणि अनुभव ज्या संस्थेकडे आधीच आहे, तिच्याकडे हे काम जाणे तर्कसंगत होय.

केंद्र शासनाने २०२५ मध्ये राष्ट्रीय भू-औष्णिक ऊर्जा धोरण अधिसूचित केले. त्यात वापरातून गेलेल्या तेल-वायू विहिरींच्या पुनर्वापराचाही विचार आहे. या विहिरींत विंधनाचा खर्च आधीच होऊन गेलेला असतो, अर्थशास्त्राच्या भाषेत तो बुडीत खर्च असतो. म्हणून तापमान कमी असले तरी गणित जुळू शकते. पुग्यात तशी सोय नाही. तेथे पहिला खोल बोअर कोणाला तरी स्वतःच्या खर्चाने घ्यावा लागेल, आणि वर्षातील मोजक्या उबदार महिन्यांतच तो पुरा करावा लागेल.